आवई, हूल आणि मधली पोकळी

13 ऑक्टोबर 2021 रोजी बांगलादेशातल्या कुमिल्ला शहरात दुर्गापूजेच्या एका मंडपात हनुमानाच्या मूर्तीपाशी कुराणाची प्रत सापडली आणि ते दृश्य फेसबुकवरून थेट दाखवलं गेलं. प्रत तिथे कुणी नेऊन ठेवली याचा माग पोलिसांनी पुढे सीसीटीव्हीच्या चित्रणावरून काढला, पण तोवर तिथल्या अनेक जिल्ह्यांत हिंदूंची देवळं आणि घरं जळाली होती. त्याचा निषेध म्हणून 26 ऑक्टोबरला उत्तर त्रिपुरातल्या पानीसागरमध्ये मोर्चा निघाला. तिथे मुसलमानांच्या दुकानांना आणि घरांना झळ बसली, मशिदीची मोडतोड झाल्याच्या तक्रारी आल्या. मग या तक्रारींच्या पाठीवर बसून भलत्याच ठिकाणची, भलत्याच वर्षांची छायाचित्रं फिरू लागली आणि 12 नोव्हेंबरला महाराष्ट्रात बंद पुकारला गेला. नांदेड, मालेगाव आणि अमरावतीत दगडफेक झाली. अमरावतीत दुसऱ्या दिवशी उलट बाजूचा बंद आणि उलट बाजूची जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट तोडलं गेलं. कुमिल्ला ते नांदेड या प्रवासाला बरोबर तीस दिवस लागले. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातलं कुरुंदा गाव नांदेडहून तासाभराच्या अंतरावर आहे. कुरुंद्याच्या आठवडी बाजारातल्या माणसाने कुमिल्लाचं नाव ऐकलेलं असण्याचं काहीच कारण नव्हतं. तरीही तिथे लागलेली काडी त्याच्या बाजारपेठेच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबली, आणि थांबली हेही नशीबच म्हणायचं.

या साखळीकडे पाहताना सगळा दोष 'खोट्या बातम्यां'वर टाकून मोकळं होण्याचा मोह होतो. त्यात अर्धंच तथ्य आहे. 13 नोव्हेंबरला केंद्रीय गृह मंत्रालयाने खुलासा केला की गोमती जिल्ह्यातल्या काकराबनमध्ये मशीद पाडल्याची बातमी निखालस खोटी आहे. खुलासा खरा होता, पण तो महाराष्ट्रात दगड पडून गेल्यावर आला. शिवाय पानीसागरमध्ये नेमकं काय जळलं, याचा शांत आणि तपशीलवार हिशेब लोकांपर्यंत पोहोचला नव्हता. त्रिपुरा पोलिसांचा भर 'मशिदी सुरक्षित आहेत' हे सांगण्यावर राहिला आणि पाठोपाठ त्यांनी 102 समाजमाध्यम खात्यांवर यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावला. त्यांत खोटी चित्रं पसरवणारे होते, तसेच पाहणी करून अहवाल लिहिणारे दोन वकील आणि एक पत्रकारही होते. या तिघांना 17 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिलं. खोटं बोलणारा आणि खरं शोधणारा एकाच कलमात बसवला, की ऐकणाऱ्याला दोघांतला फरक कळायचा कसा? जळालेल्या दुकानाबद्दल सरकार स्पष्ट बोललं नाही, म्हणून न जळालेल्या मशिदीबद्दल ते खरं बोललं तेव्हाही कुणी विश्वास ठेवला नाही.

मराठीत या व्यवहाराला एकच शब्द नाही. भीतीपोटी आपसूक उठते ती आवई, कुणीतरी मुद्दाम पिकवतो ती कंडी, आणि शत्रूला चकवण्यासाठी देतात ती हूल. हूल हा शब्द तर लढाईच्याच भाषेतला. इंग्रजी परिभाषेने अलीकडे हेतूनुसार वर्गवारी केली, ती आपल्या बोलीत आधीपासून होती. पण समाजमाध्यमांनी या तिघींमधली भिंत पाडली. हूल परक्या देशातून येते, कंडी गल्लीतला हितसंबंधी पिकवतो आणि दोन्ही आवई होऊन पसरतात, कारण त्या पुढे ढकलणारा प्रामाणिकपणे घाबरलेला असतो. म्हणून 'हे कुणी सुरू केलं' या प्रश्नाइतकाच 'हे कुठे रुजलं आणि तिथेच का' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. माझं म्हणणं असं की ते विश्वासार्ह माहितीच्या पोकळीत रुजतं, आणि ही पोकळी बहुतेक वेळा आपण आणि आपलं शासन मिळून तयार करतो. राष्ट्रीय सुरक्षेचा विचार तिथून सुरू व्हायला हवा.

यावर पहिला आक्षेप असा की दगडफेक, जमावाने मारहाण, बंद हा कायदा-सुव्यवस्थेचा विषय आहे. त्याला राष्ट्रीय सुरक्षेचं भारदस्त नाव कशाला? आक्षेप वजनदार आहे, कारण हे नाव एकदा लावलं की कुठलीही टीका गप्प करायला ते वापरता येतं. पण ऑगस्ट 2012 आठवून पाहावा. 11 ऑगस्टला मुंबईच्या आझाद मैदानावर आसाम आणि म्यानमारमधल्या हिंसाचाराच्या निषेधाची सभा झाली. खऱ्या घटनांबरोबर दुसरीकडची आणि बनावट छायाचित्रं आधीपासून फिरत होती. सभेतून उसळलेल्या हिंसाचारात दोघे मृत्युमुखी पडले, पन्नासहून अधिक जखमी झाले, त्यांत बहुतेक पोलीस होते, आणि अमर जवान स्मारकाची तोडफोड झाली. त्याच आठवड्यात पुणे, बंगळूर, चेन्नईतून ईशान्येकडचे हजारो विद्यार्थी आणि कामगार मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाले. पुण्यात काही जणांवर खरोखर हल्ले झाले होते. त्या थोड्या खऱ्या हल्ल्यांना एसएमएसने ठरावीक तारखेच्या सामूहिक सूडाचं रूप दिलं. एका प्रदेशाचे नागरिक दुसऱ्या प्रदेशात स्वतःला परके समजून पळू लागतात, तेव्हा प्रश्न पोलीस ठाण्याच्या हद्दीत मावत नाही. ईशान्य भारताशी असलेलं नातं ही आपल्या सुरक्षेची जुनी नाजूक शीर आहे, आणि तिच्यावर बोट ठेवायला सैन्य लागलं नाही.

त्या वेळी केंद्राने एकगठ्ठा एसएमएस दिवसाला पाचांवर आणले, शेकडो पानं बंद केली आणि तेव्हाचे गृहसचिव आर. के. सिंह यांनी सांगितलं की बरीचशी चित्रं पाकिस्तानातून चढवली गेली होती. इथे दुसरा, जास्त लोकप्रिय आक्षेप उभा राहतो: हे सगळं शत्रूचं काम आहे, त्यामुळे बाहेरची दारं बंद करा, घर आपोआप सुरक्षित राहील. शत्रू हे करतो यात शंका नाही, त्याने केलं नाही तरच नवल. पण पुण्यातल्या एका मणिपुरी मुलाला आपले शेजारी आपल्याला वाचवतील अशी खात्री का वाटली नाही, याचं उत्तर कराचीत नाही. याची एक विचित्र पावती 2018 मध्ये मिळाली. त्या वर्षी देशभर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांची आवई उठली. तिच्यातली सर्वाधिक फिरलेली एक चित्रफीत मूळची कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती. मोटारसायकलवरून मूल उचललं जातं, आणि शेवटी तेच लोक मूल परत आणून 'मुलांना सांभाळा' असा फलक दाखवतात. शेवट कापून ती आपल्याकडे फिरली. पाकिस्तानातल्या संस्थेने सद्हेतूने बनवलेली फीत इथल्या कात्रीने विषारी झाली, आणि कात्री चालवणाऱ्याला कुठल्या गुप्तहेर संघटनेची गरज पडली नाही.

1 जुलै 2018 हा दिवस मात्र नीट थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्या एका दिवसात महाराष्ट्रात दोन सारख्या प्रसंगांचे दोन शेवट झाले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजारात भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे ठरवलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. गावाची सार्वजनिक कचेरी, जिथे शासनाचं अस्तित्व दिसावं, तीच खुनाची जागा झाली. त्याच रात्री मालेगावात पोट भरायला आलेल्या पाच जणांच्या एका कुटुंबावर हाच आळ आला आणि काही वेळात मोठा जमाव गोळा झाला. तिथे वस्तीतल्या काही माणसांनी त्यांना घरात घेऊन दार लावून घेतलं, पोलीस पोहोचले, त्यांच्यावर दगडफेक झाली, गाडी उलटवली गेली, पण पाचही जण जिवंत राहिले. मेसेज दोन्हीकडे एकाच जातकुळीचे होते. मालेगावच्या आसपास फिरलेल्या चित्रांत तर 2013 च्या सीरियातल्या रासायनिक हल्ल्यात मेलेली मुलं दाखवली होती. फरक मेसेजात नव्हता, मग कशात होता? मालेगावने दंगली पाहिल्या आहेत, बॉम्बस्फोट पाहिले आहेत, आणि त्यातून तिथे पोलीस आणि मोहल्ला यांच्यात एकमेकांना ओळखण्याचे काही रस्ते पडले होते. राईनपाड्याच्या आदिवासी पाड्यांवर पोलीस म्हणजे लांबून, उशिरा आणि बहुधा नकोशा कामासाठी येणारा माणूस. जिथे खात्री करून घ्यायला कुणी नाही, तिथे मोबाइल हाच पाटील आणि तोच न्यायाधीश होतो.

पालघरमधलं गडचिंचले हेच सांगतं. 16 एप्रिल 2020 च्या रात्री, टाळेबंदीत, दोन साधू आणि त्यांचा चालक यांना पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारलं गेलं. काहीच दिवस आधी त्याच परिसरात लोकांची सेवा करायला आलेल्या एका डॉक्टरांच्या आणि पोलिसांच्या गाड्यांवर याच आवईने हल्ला झाला होता. म्हणजे इशारा मिळाला होता, फक्त तो माहितीत बदलला गेला नाही. पुढे दुसरी आवई आली: मारेकरी मुसलमान असल्याची. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या 101 जणांच्या नावांची यादीच जाहीर केली आणि त्यांत एकही मुसलमान नसल्याचं सांगितलं. गृहमंत्र्याला आरोपींची धर्मवार यादी वाचावी लागणं हे लाजिरवाणं आहे. पण ती यादी दिली गेली, आणि सबंध महाराष्ट्रात उठू शकणारी दुसरी आग तिथेच विझली, हेही खरं. सरकारने 'अफवांवर विश्वास ठेवू नका' एवढंच म्हटलं असतं, तर तो आणखी एक रिकामा मेसेज ठरला असता. लोकांना काय मानू नये हे सांगण्याआधी काय घडलं ते सांगावं लागतं.

आता प्रत्यक्ष युद्धाकडे येऊ, कारण शेवटी कसोटी तिथे लागते. 22 एप्रिल 2025 ला पहलगामचा दहशतवादी हल्ला आणि 7 मे ला ऑपरेशन सिंदूर झालं. पुढचे चार दिवस सीमेपलीकडून हुलींचा मारा झाला. 2020 च्या बैरूतमधल्या स्फोटाची फीत क्षेपणास्त्र हल्ला म्हणून आली, व्हिडिओ गेममधली विमानं खरी म्हणून आली, एटीएम बंद होणार म्हणून मेसेज आले. सिंगापूरमध्ये 31 मे ला संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी सांगितलं की मोहिमेच्या काळात दलांचा जवळपास 15 टक्के वेळ खोट्या कथनांना उत्तर देण्यात गेला. हा आकडा ज्यांना अजूनही विषय किरकोळ वाटतो त्यांनी लक्षात ठेवावा. महाराष्ट्र सायबरने त्याच काळात देशातल्या यंत्रणांवर पंधरा लाखांच्या आसपास सायबर हल्ले झाल्याचं आणि त्यांतले जेमतेम 150 यशस्वी ठरल्याचं सांगितलं. यंत्रांच्या भिंती बऱ्यापैकी टिकल्या. हुलीला मात्र भिंत फोडावीच लागत नाही, दार आतून उघडलं जातं.

आणि ते आतून उघडलं गेलंच. 8 मे च्या रात्री आपल्या अनेक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं जाहीर केलं. 11 मे ला नौदलाच्या अधिकाऱ्यांनीच सांगितलं की दल कराचीसह लक्ष्यांवर मारा करायला सज्ज होतं, आदेशाची वाट पाहत होतं. म्हणजे मारा झालेला नव्हता. स्टुडिओत भोंगे इतके वाजले की नागरी संरक्षण विभागाला 10 मे ला वाहिन्यांना विनंती करावी लागली: कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वापरू नका, लोक खऱ्या भोंग्याकडे दुर्लक्ष करतील. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट शासकीय पत्रकात इतक्या गंभीरपणे क्वचितच आली असेल. यावर कुणी म्हणेल, युद्धात शत्रूला चकवण्यासाठी खोटं बोलतात, त्याने आपल्या लोकांचं धैर्य वाढत असेल तर बिघडलं काय? हूल शत्रूला द्यायची असते हे तो विसरतो. कराचीतल्या माणसाला आपलं बंदर खिडकीतून दिसत होतं, चकवला गेला तो कुरुंद्याचा आणि कोल्हापूरचा प्रेक्षक. ज्या घरचा मुलगा सैन्यात आहे त्या घराला त्या रात्री एकच गोष्ट हवी होती, खरं काय चाललंय ती. शिवाय खोट्या विजयाची किंमत दुसऱ्या दिवशी खऱ्या विजयाला मोजावी लागते. आपल्या सैन्याने प्रसिद्ध केलेल्या अस्सल उपग्रहचित्रांकडेही जग त्याच संशयाने पाहू लागतं. मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्यात ताज आणि ओबेरॉयबाहेरच्या थेट प्रक्षेपणातून हल्लेखोरांच्या पाकिस्तानातल्या सूत्रधारांना कमांडोंच्या हालचाली कळत होत्या, आणि 2012 मध्ये कसाबच्या अपिलाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्याबद्दल कठोर शब्दांत सुनावलं. त्या वेळी खरी माहिती नको तिथे पोहोचली, 2025 मध्ये खोटी माहिती हवी तिथे पोहोचली. दोन्ही वेळा प्रेक्षकसंख्येचं गणित तेच होतं.

उपाय म्हणून तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सुचवल्या जातात. पहिला उपाय कडक कायद्याचा, आणि त्याचा महाराष्ट्राला अनुभव आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर साधा प्रश्न विचारणारी एक मुलगी आणि तो आवडल्याचं कळवणारी तिची मैत्रीण यांना पालघरमध्ये अटक झाली. त्या प्रकरणातून पेटलेल्या वादाची परिणती 24 मार्च 2015 ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 अ रद्द होण्यात झाली. दुसरा उपाय सरकारी सत्यशोधन कक्षाचा. 2023 च्या नियमदुरुस्तीने केंद्राला आपल्या कारभाराविषयीचं काय खोटं आहे हे स्वतःच ठरवण्याचा अधिकार दिला. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी 20 सप्टेंबर 2024 ला ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. हा निकाल सुरक्षेच्या विरोधात गेला असं मानणाऱ्यांनी त्रिपुराबद्दलचा केंद्राचा खुलासा आठवावा. आरोपी आणि पंच एकच असला की पंचाचा खरा निर्णयही कुणी मानत नाही. तिसरा उपाय इंटरनेट तोडण्याचा, जो अमरावतीत झाला, 2023 मध्ये कोल्हापुरात झाला. तोडल्याने जमाव जमवणं काही तास अवघड होतं, हे मान्य. पण त्याच तारेवरून खुलासाही येणार असतो. कानोकानी जाणारी आवई मात्र तारेवाचून चालते. त्यापेक्षा 2020 मध्ये व्हॉट्सॲपने वारंवार पुढे ढकललेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली तिचा उपयोग जास्त दिसला. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अशा मेसेजांची ये-जा 70 टक्क्यांनी घटली. कुणाचं तोंड न बांधता वेग कमी झाला. (कंपनीचा आकडा कंपनीनेच दिलेला, हे लक्षात ठेवूनच तो घ्यायचा.)

पोकळी फक्त काही तासांची असते असंही नाही. विचारवंत नरहर कुरुंदकरांचं आडनाव ज्या गावावरून आलं ते कुरुंदा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. कुरुंदकरांनी हैदराबादच्या प्रश्नावर आयुष्यभर लिहिलं. रझाकारांचा नेता कासीम रझवी याच्या भाषणांनी आणि रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाड्यातली गावं कशी उठली हे आपल्याकडे पाठ आहे, आणि ते खरंच आहे. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या सूडाच्या हिंसाचाराची पाहणी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली. तिने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर नांदेडचं नाव घेतलं. तो अहवाल दडवला गेला, 2013 च्या सुमारास कुठे अभ्यासकांना खुला झाला. सुरक्षेच्या नावाखालीच तो दडवला होता, असं समर्थन होऊ शकेल. परिणाम काय झाला? पासष्ट वर्षं एका बाजूला 'काहीच घडलं नाही' आणि दुसऱ्या बाजूला लाखोंचे फुगवलेले आकडे, दोन्ही बिनधोक वाढत राहिले. आज दर सप्टेंबरात, मुक्तिसंग्राम दिनाच्या आसपास, याच साठ्यातला माल मोबाइलवर येतो. रझाकारांचे गुन्हे आणि नंतरचा सूड दोन्ही एकाच पानावर, आकड्यांसह, शाळेच्या पुस्तकात असते, तर कंडी पिकवणाऱ्याला इतकी तयार जमीन मिळाली नसती.

शेवटचा आक्षेप वेगाचा, आणि तो सगळ्यांत अवघड. 2018 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाने ट्विटरवरच्या सव्वा लाखाहून अधिक बातम्या तपासून दाखवलं की खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त असते आणि 1500 जणांपर्यंत पोहोचायला खरीला सहापट वेळ लागतो. मग खरी माहिती वेळेत देण्याची भाषा हा भाबडेपणा नाही का? शर्यत म्हणून पाहिलं तर आहे. पण खऱ्याने पुढे पळायचं नसतं, आधीपासून तिथे असायचं असतं. कुरुंद्याच्या परिसरातच याचं उदाहरण आहे. वसमत, औंढा, कळमनुरी या पट्ट्यात काही वर्षांपासून जमिनीतून गूढ आवाज येतात. किल्लारीचा भूकंप ज्याच्या आठवणीत आहे त्या मराठवाड्याला घाबरायला एवढं पुरे. 21 मार्च 2024 ला पहाटे 6 वाजून 8 मिनिटांनी 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, अकरा मिनिटांनी 3.6 चा, आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने वेळ, जागा, खोली आणि तीव्रता त्याच सकाळी जाहीर केली. 10 जुलैला पुन्हा 4.5 चा धक्का बसला, पुन्हा तसंच झालं. या आकड्यांत दिलासा देण्यासारखं काही नव्हतं, उपदेश नव्हता, 'घाबरू नका'सुद्धा नव्हतं. पण ते मोजणाऱ्याचा त्यात काही फायदा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मागच्या वेळीही त्यानेच मोजलं होतं. दगडफेकीच्या रात्री तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून असंच कोरडं टिपण येऊ शकतं: किती वाजता, कोणत्या चौकात, कुणाचं काय नुकसान झालं, किती जखमी, किती ताब्यात, आणि अजून काय कळलेलं नाही. शेवटची ओळ लिहायला अधिकाऱ्यांना सर्वांत जड जाईल.